माल्टा: इवलेसे बेट आणि युरोपचा मोठा बाजार

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय ज्यांनी लक्षपूर्वक वाचले आहेत त्यांना मेलिता बेटाचे नाव परिचित असेल. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या संत पौलाचे गलबत वादळात सापडले आणि या बेटाच्या किनाऱ्यावर फुटले. गलबतावरील सर्व २७६ जण सुखरूप किनाऱ्याला लागले. बेटावरील लोकांनी पावसाथंडीत शेकोटी पेटवून त्यांना ऊब दिली आणि पुढे तीन महिने पौल त्यांचा पाहुणा होता. ते मेलिता म्हणजेच आजचा माल्टा देश. १० फेब्रुवारी रोजी तेथे संत पौलाच्या गलबतफुटीचा सण साजरा होतो व त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गलबत फुटले म्हणून दरवर्षी मिरवणूक काढणारा दुसरा देश आमच्या तरी ऐकिवात नाही.

आपल्याकडील खलाशी बांधवांना माल्टाची ओळख आणखी एका कारणाने असते. मुंबई, वसई वा गोव्यातून मालवाहू जहाजांवर नोकरीस गेलेल्या अनेकांनी आपल्या जहाजाच्या मागील बाजूस, नावाखाली, 'व्हॅलेटा' हे अक्षर पाहिलेले आहे. व्हॅलेटा ही माल्टाची राजधानी. त्या जहाजाने आयुष्यात एकदाही व्हॅलेटा बंदर पाहिलेले नसते. मालक ग्रीसचा असतो, खलाशी भारत वा फिलिपाइन्सचे असतात, माल चीनहून येतो. जहाजाची नोंदणी तेवढी माल्टात झालेली असते व त्यावर माल्टाचा ध्वज फडकतो. युरोपीय संघातील सर्वांत मोठी जहाज-नोंदणी आज या बेटाकडे आहे. माल्टाच्या अलीकडच्या भरभराटीचे मर्म या एका गोष्टीत सापडते आणि म्हणूनच तिचा उल्लेख प्रारंभी केला.

१ मे २००४ रोजी माल्टा अन्य नऊ देशांसमवेत युरोपीय संघात दाखल झाला. त्या घटनेला दोन दशके उलटून गेली आहेत. या काळात देशाचे वार्षिक उत्पादन सुमारे ५ अब्ज युरोवरून २० अब्ज युरोच्या पुढे गेले. महागाईचा भाग वजा केला तरी ही वाढ दुपटीहून अधिक भरते. प्रवेशाच्या वेळी माल्टीज माणसाचे सरासरी उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने, युरोपीय सरासरीच्या सुमारे चार पंचमांश होते. आता ते त्या सरासरीच्या पुढे गेले आहे. केवळ ३१६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या, म्हणजे गोव्याच्या बाराव्या हिश्श्याहून किंचित मोठ्या, नद्या नसलेल्या व खनिजे नसलेल्या या देशाला हे कसे साधले?

त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माल्टा, गोझो आणि चिमुकले कॉमिनो ही बेटे भूमध्य समुद्राच्या मध्यभागी, सिसिलीच्या दक्षिणेस आहेत. १५३० पासून १७९८ पर्यंत तेथे संत जॉनच्या सरदारांचे राज्य होते. १५६५ साली तुर्कांचा प्रचंड वेढा त्यांनी परतवून लावला व त्यांचे प्रमुख ला व्हॅलेट यांच्या नावाने नवी राजधानी उभारली. पुढे नेपोलियन आला, त्याच्या पाठोपाठ इंग्रज आले. इंग्रजांच्या काळात बेटाचे पोट आरमारावर चालत असे. जहाजदुरुस्तीची गोदी, बराकी, सैनिकांचा खर्च हेच उत्पन्न. २१ सप्टेंबर १९६४ रोजी स्वातंत्र्य मिळाले आणि ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे इंग्रज सैन्य निघून गेले. तोवर हजारो माल्टीज कुटुंबे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व इंग्लंडमध्ये स्थलांतरित झाली होती. कापडाचे कारखाने आले, पर्यटन आले, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा मोठा कारखाना आला. तरी गोदी तोट्यातच राहिली आणि सरकारी नोकरी हीच सुरक्षित नोकरी, ही भावना घराघरांत रुजली. आपल्याकडील वाचकांना ती अपरिचित वाटणार नाही.

युरोपीय संघात जावे की नाही यावरून या देशाचे उभे दोन तट पडले होते. राष्ट्रवादी पक्षाच्या सरकारने जुलै १९९० मध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. १९९६ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. पंतप्रधान आल्फ्रेड सान्त यांनी तो अर्ज गोठवला. १९९८ मध्ये पुन्हा राष्ट्रवादी पक्ष आला आणि एडी फेनेक अदामी यांनी अर्जाला पुन्हा चालना दिली. ८ मार्च २००३ रोजी सार्वमत झाले. जवळपास ९१ टक्के लोकांनी मतदान केले आणि त्यांपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी 'होय' म्हटले. मौज अशी की त्या रात्री सान्त यांनीही विजयाचा दावा केला. एकूण नोंदणीकृत मतदारांच्या संख्येशी 'होय'ची मते ताडून पाहिली तर ती निम्म्याहून कमी भरतात, असे त्यांचे गणित होते. निर्णय अखेर महिनाभराने झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत लागला. राष्ट्रवादी पक्ष जिंकला व १६ एप्रिल २००३ रोजी अथेन्स येथे प्रवेश-करारावर सह्या झाल्या. पुढे सान्त स्वतः दहा वर्षे युरोपीय संसदेचे सदस्य राहिले. प्रवेशाच्या विरोधात लेखणी झिजवणारे जोसेफ मस्कात २००४ मध्येच त्या संसदेवर निवडून गेले व नंतर पंतप्रधान झाले. आणि सार्वमताच्या वेळी 'होय'च्या बाजूने प्रचार करणारी एक विद्यार्थिनी, रोबेर्ता मेत्सोला, जानेवारी २०२२ मध्ये त्या संसदेच्या अध्यक्षपदी विराजमान झाली. सातशेवीस सदस्यांच्या त्या सभागृहात माल्टाचे केवळ सहा प्रतिनिधी असतात.

प्रवेशापूर्वीच्या वाटाघाटींत माल्टाने आपल्यापुरत्या काही अटी मान्य करून घेतल्या. जमीन थोडी आणि युरोपातील श्रीमंत अनेक, म्हणून बेटावर न राहणाऱ्यांनी दुसरे घर घेण्यावर निर्बंध ठेवता येतील, ही त्यांतील एक. गर्भपातविषयक राष्ट्रीय कायद्याला संघाचे कोणतेही कलम बाधा आणणार नाही, असा स्वतंत्र मसुदाही करारास जोडण्यात आला. संघात गेल्यावर ब्रुसेल्स आपली नीती बदलील ही भीती श्रद्धावंतांत होती, तिचे हे उत्तर होते. प्रत्यक्षात घटस्फोटाचा कायदा २०११ मध्ये आला तो ब्रुसेल्सच्या आदेशाने नव्हे, तर माल्टीज मतदारांनीच सार्वमतात दिलेल्या कौलाने. आईच्या जिवाला धोका असताना गर्भपाताची मुभा देणारा २०२३ चा बदलही माल्टाच्या संसदेनेच केला. हा मुद्दा अर्थकारणाच्या थोडा बाहेरचा असला तरी नोंदवणे योग्य वाटते, कारण अशा प्रसंगी दोष बाहेरच्यांना देण्याची सवय सर्वत्र आढळते.

आता पैशाकडे वळू. युरोपीय संघ गरीब सदस्यांना निधी देतो, हे सर्वश्रुत आहे. २००७ ते २०१३ या सात वर्षांसाठी माल्टाच्या वाट्याला सुमारे ८५.५ कोटी युरो आले, आणि पुढील सात वर्षांसाठी १.१ अब्जांहून अधिक. या पैशांतून रस्ते झाले, कर्करोग रुग्णालय उभे राहिले, सरदारांच्या काळातील तटबंदीची डागडुजी झाली. पूर्वी सांडपाणी तसेच समुद्रात सोडले जाई. २०११ पर्यंत सर्व सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी राहिली. २०१५ मध्ये सिसिलीशी जोडणारी वीजवाहिनी समुद्रतळावरून टाकण्यात आली. समुद्राचे पाणी गोडे करूनच ज्या देशाची निम्म्याहून अधिक तहान भागते, त्याला विजेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

परंतु केवळ या निधीने देश श्रीमंत झाला, असे म्हणता येणार नाही. सात वर्षांत मिळालेले एक अब्ज युरो हे उत्पन्नाच्या तुलनेत उपयुक्त होते, निर्णायक नव्हते. निर्णायक ठरली ती दुसरीच गोष्ट. संघाच्या नियमानुसार एका सदस्य देशात रीतसर परवाना मिळालेल्या वित्तसंस्थेला वा विमा कंपनीला इतर सदस्य देशांतही व्यवसाय करण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे चार लाख लोकसंख्येच्या माल्टाने दिलेल्या परवान्याला जर्मनीच्या परवान्याइतकेच वजन आले. ज्या देशाजवळ विकायला लोखंड नाही, धान्य नाही, त्याला आपला कायदा, आपला परवाना आणि आपला ध्वज या वस्तू अकस्मात बाजारात मांडता आल्या. बाजारपेठ मात्र पंचेचाळीस कोटींची मिळाली.

करांची रचनाही त्याला अनुकूल होती. माल्टात कंपनीच्या नफ्यावर ३५ टक्के कर आहे. मात्र नफा भागधारकांना वाटला की परदेशी भागधारकाला सामान्यतः त्या कराचा सहा-सप्तमांश भाग परत मिळतो. पस्तिसांतून तीस परत गेले की उरले पाच. कागदावर पस्तीस, हातात पाच! करविषयक निर्णयांना संघात सर्व सदस्यांची एकमुखी संमती लागते. त्यामुळे मोठे देश नाराज असूनही ही पद्धत दीर्घकाळ टिकली.

याच मार्गाने ऑनलाइन जुगाराचा व्यवसाय माल्टात आला. २००४ मध्ये माल्टाने या व्यवसायासाठी स्वतंत्र नियमावली केली. संघातील कोणत्याही देशाने असे प्रथमच केले होते. स्वीडन, जर्मनी, इंग्लंड येथील लोक आपल्या घरी बसून पैसे लावू लागले आणि त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या माल्टातील काचेच्या इमारतींत बसू लागल्या. देशाच्या उत्पादनाचा सुमारे दहावा भाग या धंद्यातून येऊ लागला. संगणकतज्ज्ञ, लेखापाल, अनेक भाषा जाणणारे तरुण यांना उत्तम पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. पण हरणारा माणूस दुसऱ्या देशात राहतो व कराची रक्कम माल्टात जमा होते, ही या व्यवसायाची गोम आहे. ऑस्ट्रिया व जर्मनीतील न्यायालयांनी तेथील खेळाडूंना पैसे परत करण्याचे आदेश या कंपन्यांविरुद्ध दिले, तेव्हा २०२३ मध्ये माल्टाने कायदा करून अशा निकालांची अंमलबजावणी आपल्या भूमीवर रोखली. ख्रिस्ती विवेकाला हा प्रश्न सहज सुटणारा नाही. आणि ज्या बेटावर प्रत्येक गावात भव्य चर्च आहे तेथेच तो उभा राहिला आहे.

पर्यटनाची कथा अधिक सरळ आहे. स्वस्त दरांच्या विमान कंपन्या २००६ पासून येऊ लागल्या. २१ डिसेंबर २००७ रोजी माल्टा शेंगेन क्षेत्रात गेला आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १ जानेवारी २००८ रोजी, माल्टीज लिरा जाऊन युरो आला. २००४ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास पर्यटक आले होते. २०२४ मध्ये ते पस्तीस लाखांवर गेले. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात ग्रीस, सायप्रस, आयर्लंड यांना इतरांपुढे हात पसरावे लागले, माल्टाला नाही. तेथील बँका जुन्या वळणाच्या होत्या, लोकांच्या ठेवींतूनच कर्जे देत होत्या. कधीकधी मागासलेपणही कामी येते.

या वाढीचा आणखी एक स्रोत घरातच होता. प्रवेशाच्या वेळी नोकरी करण्याच्या वयाच्या माल्टीज स्त्रियांपैकी जेमतेम तीनपैकी एक घराबाहेर काम करीत असे. हे प्रमाण संघात सर्वांत कमी होते. २०१४ पासून नोकरी करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी सरकारने मोफत पाळणाघरे सुरू केली. आज हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे आहे. जुगाराच्या कंपन्यांची चर्चा अधिक होते, पण आमच्या मते हा बदल त्याहून खोलवर गेलेला आहे. त्याच काळात जन्मदर मात्र संघातील सर्वांत खालच्या पातळीवर आला. २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी एकच मूल, असे प्रमाण होते.

नुकसान कोणाचे झाले, हेही पाहिले पाहिजे. गोदीला दिले जाणारे सरकारी अनुदान २००८ नंतर बंद करणे संघाच्या नियमांमुळे भाग पडले. शेकडो कामगारांना मुदतपूर्व निवृत्ती देण्यात आली आणि २०१० मध्ये ती गोदी नेपल्सच्या एका कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्याने गेली. ज्या गोदीभोवती मजूर पक्ष वाढला, जिच्या भोंग्यावर तीन शहरांचे घड्याळ चालत असे, ती राष्ट्राच्या मालकीची उरली नाही. आयातीवरील जकात उठल्यामुळे सिसिलीचा टोमॅटो माल्टाच्या बाजारात आला आणि लहान शेतकऱ्याला त्याच्याशी स्पर्धा करणे जड गेले.

याहून मोठे दुखणे पुढे उद्भवले. २०१४ पासून माल्टाने आपले नागरिकत्व गुंतवणूकदारांना विकण्यास आरंभ केला. साडेसहा लाख युरो राष्ट्रीय निधीत द्यायचे, शिवाय घर व रोखे घ्यायचे, की पासपोर्ट मिळे. विकत घेणाऱ्याला बहुधा माल्टात राहायचे नसे. त्याला हवे असे ते युरोपभर फिरण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य. म्हणजे जहाजाच्या ध्वजाचीच ही पुढची पायरी. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ही पद्धत संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवली व त्यानंतर ती गुंडाळण्यात आली. त्याआधी, १६ ऑक्टोबर २०१७ रोजी, सत्ताधाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर निर्भीडपणे लिहिणाऱ्या पत्रकार दाफ्ने कारुआना गालित्सिया यांची मोटारीत बाँब ठेवून हत्या करण्यात आली होती. या प्रकरणातून उसळलेल्या जनक्षोभामुळे पंतप्रधान मस्कात यांना जानेवारी २०२० मध्ये पायउतार व्हावे लागले. २०२१ च्या चौकशी अहवालाने, गुन्हेगारांना अभय वाटेल असे वातावरण निर्माण केल्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर ठेवली. त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने माल्टाला संशयित देशांच्या यादीत टाकले. एक वर्षाने ते नाव वगळले गेले.

आपल्या वाचकांशी थेट संबंध असलेली बाब म्हणजे बाहेरून आलेले कामगार. २०११ च्या जनगणनेत माल्टात दर शंभर रहिवाशांत पाच परदेशी होते. २०२१ मध्ये बावीस. एकूण लोकसंख्या ५ लाख १९ हजारांवर गेली व घनता प्रति चौरस किलोमीटर सुमारे १६५० झाली. परदेशी लोकांमध्ये इटालियन व ब्रिटिश यांच्या पाठोपाठ भारतीयांचा क्रम लागला. ते आठ हजारांच्या आसपास होते. परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे सेवक, बसचालक, हॉटेलांतील कर्मचारी, दुचाकीवरून जेवण पोहोचवणारे तरुण अशा कामांवर ते असतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला गोवेकर माल्टात जातो तो युरोपीय संघाचा नागरिक म्हणून; त्याला कामाचा परवाना लागत नाही व नोकरी बदलण्याचे बंधन नसते. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याचा राहण्याचा व कामाचा परवाना एकच असतो आणि तो विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागते, अन्यथा परतावे लागते. त्या परवान्यावर शेंगेन देशांत थोडे दिवस फिरता येते, पण तेथे काम करता येत नाही. 'माल्टात गेलात की सारा युरोप खुला' असे सांगून पैसे उकळणारे दलाल ही गोष्ट सांगत नाहीत.

एवढी माणसे राहणार कोठे, म्हणून बांधकामे वाढली. चुनखडीची जुनी दुमजली घरे पाडून तेथे सहासात मजली इमारती उभ्या राहिल्या, भाडी भरमसाट वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून वीस वर्षांचा एक माल्टीज तरुण गाडला गेला. त्याच्या आईने सार्वजनिक चौकशीसाठी सरकारशी झगडून ती मिळवली. माल्टा व गोझो या दोन्ही धर्मप्रांतांचे संयुक्त पर्यावरण मंडळ या बेबंद बांधकामांविरुद्ध सातत्याने आवाज उठवत आले आहे. एप्रिल २०२२ मधील भेटीत पोप फ्रान्सिस यांनीही व्हॅलेटा येथे राज्यकर्त्यांसमोर पैशाची हाव आणि बांधकामांतील सट्टेबाजी यांविषयी स्पष्ट शब्दांत इशारा दिला होता. दरम्यान चर्चमधील उपस्थिती घटत गेली. रविवारच्या मिस्साला जाणाऱ्यांचे प्रमाण २००५ च्या गणनेत निम्म्याहून थोडे अधिक होते. २०१७ मध्ये ते चाळीस टक्क्यांच्या आसपास आले. याचे खापर समृद्धीवर फोडणे सोपे आहे, पण ही घट १९६० च्या दशकापासून चालू आहे.

संघात गेल्याने माल्टाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. निर्वासित युरोपात प्रथम ज्या देशात पाऊल ठेवतो, त्या देशाने त्याच्या अर्जाचा विचार करावा असा संघाचा दंडक. लिबियाहून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवरच हे बेट आहे. २००८ या एका वर्षात सत्तावीसशेहून अधिक लोक अशा होड्यांतून तेथे उतरले, आणि किती बुडाले याची मोजदाद नाही. त्यांना ज्या छावण्यांत ठेवण्यात आले त्यांतील प्रमुख छावणी हाल फार येथे आहे. हा पूर्वीचा इंग्रजांचा विमानतळ, आता औद्योगिक वसाहत. जगभरातील मुलांच्या हाती जाणाऱ्या प्लेमोबिल बाहुल्या तेथेच तयार होतात. त्याच परिसरात फ्रान्सिस्कन धर्मगुरू डायोनिसियस मिंतोफ यांनी १९७१ मध्ये शांतीकेंद्र स्थापन केले होते व पुढे आफ्रिकेतून आलेल्यांना तेथे आसरा दिला. ३ एप्रिल २०२२ रोजी सकाळी पोप फ्रान्सिस यांनी रबात येथे, संत पौल जेथे राहिला असे मानले जाते त्या गुहेत प्रार्थना केली, आणि दुपारनंतर ते हाल फारच्या या केंद्रात होडीतून आलेल्या स्त्रीपुरुषांना भेटण्यास गेले.